विलीनीकरण झाले, पण कोणाचे?

रामाकोना हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना मध्य प्रदेशाच्या सौंसर तालुक्यात हे गाव लागते. घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, शेतात कापूस आणि संत्री. एका स्नेह्याच्या घरच्या लग्नासाठी तिथे जाण्याचा योग आला. मांडवात मी गोव्याचा मास्तर म्हटल्यावर चौकशा सुरू झाल्या. आमचे गाऱ्हाणे मी सांगू लागलो: कुळांचे खटले रेंगाळतात, शेते बांधकामाखाली जातात, समुद्रात विजेचे दिवे लावून मासळी ओरबाडली जाते, मराठीला राजभाषेचा मान नाही. एक म्हातारा शेतकरी शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "गुरुजी, आमचा त एकच आमदार. दोनशे तीसात त्याचं कोन ऐकते? तुमचे चाळीसच्या चाळीस तुमचेच हायेत ना? मंग रडता कायले?"

त्या म्हाताऱ्याला मांडवात उत्तर देता आले नाही. ते आज लिहितो आहे. त्याच्यापेक्षा आमच्या घरी त्या उत्तराची गरज अधिक आहे.

आधी त्याची बाजू पाहू. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र एकूण हिंदी ठरला आणि त्याच्या पोटातला मराठी सौंसर व पांढुर्णा भाग जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. गावोगावी विचारले असते तर रेषा वेगळी पडली असती. पण रेषा जिल्ह्याच्या हिशेबाने ओढली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले, तेही भोपाळच्या राज्यातच. दोनशे तीसांच्या विधानसभेत सौंसरचा आमदार एक. त्या म्हाताऱ्याचे दुःख खरे आहे.

१९६७ च्या जनमत कौलात आमच्या विरोधकांचा सर्वांत जोरदार मुद्दा हाच होता. विलीन झालात तर मुंबईच्या विधानसभेत तुमचे चार आमदार कोपऱ्यात बसतील, त्यांना कोण विचारणार, असे ते म्हणत. हा मुद्दा पोकळ नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९६१ च्या शिरगणतीत गोव्याची वस्ती सहा लाखांच्या आत आणि महाराष्ट्राची चार कोटींच्या घरात होती; २७० जागांच्या सभागृहात आमच्या वाट्याला चारच्या आसपास जागा आल्या असत्या. १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांनी कौल दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी आपण हरलो. तो कौल आपण शिरसावंद्य मानला. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि चाळीस आमदारांची विधानसभा आली. आपले राज्य, आपले आमदार, दारात येणारा आमदार!

आता या दारातल्या आमदाराचा हिशेब मांडू. हवेत बोलायला नको म्हणून एकाच आमदाराची कारकीर्द घेतो. दूरच्या कोणाची नव्हे, आमच्या फोंड्याचीच, कै. रवी नाईक यांची.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी ते निवर्तले. गेलेल्या माणसाविषयी वाकडे लिहू नये, हा आपल्याकडचा संस्कार मला मान्य आहे. म्हणून आधी त्यांचे माप त्यांच्या पदरात घालतो. बहुजन समाजातून वर आलेला हा माणूस होता. कुळ-मुंडकारांची बाजू घेणारा म्हणून तो ओळखला गेला. मुख्यमंत्री असताना गुंडांना जरब बसवणारा म्हणूनही लोक त्याची आठवण काढतात. 'पात्रांव' हे नाव त्यांना लोकांनीच दिले. पैसे घेऊन पक्ष बदलला असा आरोप मी त्यांच्यावर करीत नाही. तसा कोणताही पुरावा माझ्यापाशी नाही आणि पुराव्यावाचून बोलणे मास्तराला शोभत नाही. मला माणसावर बोलायचे नाही, वाटेवर बोलायचे आहे.

ती वाट अशी. १९८४ साली फोंड्यातून मगो पक्षाच्या सिंहावर ते विधानसभेत गेले. १९८९ साली मडकईतून पुन्हा सिंहावरच. मडकई हा भाऊसाहेब बांदोडकरांचा मतदारसंघ! त्या निवडणुकीत मगोचे अठरा आमदार आले. वर्ष सरताच त्या अठरांत फूट पडली आणि २५ जानेवारी १९९१ रोजी फुटलेल्या गटाचे नेते म्हणून रवी नाईक काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. सभापतींनी त्यांना अपात्र ठरवले. प्रकरण न्यायालयांत गेले आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मे १९९३ मध्ये त्यांची खुर्ची गेली. १९९४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता रद्द केली. त्यांच्या दोन सहकाऱ्यांची मात्र कायम ठेवली. त्या निकालात न्यायालयाने सांगितले, की पक्ष स्वेच्छेने सोडणे म्हणजे केवळ राजीनामापत्र देणे नव्हे. आमदाराच्या वागण्यावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. देशात कुठेही पक्षांतराचा वाद उठला की आजही हा निकाल निघतो, आणि त्याच्या माथ्यावर आमच्या तालुक्यातल्या आमदाराचे नाव असते. गोव्याने देशाच्या कायद्याला दिलेले हे योगदान!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, ते मोजून सहा दिवस. १९९८ मध्ये काँग्रेसतर्फे लोकसभेत, १९९९ मध्ये काँग्रेसतर्फेच फोंड्याचे आमदार. २००० साली भाजपच्या सरकारात उपमुख्यमंत्री. पुढे पुन्हा काँग्रेस आणि २००७ नंतरच्या काँग्रेस सरकारात गृहमंत्री. २०१२ साली फोंड्याने त्यांना पाडले, तेही सिंहाच्याच उमेदवाराकडून. २०१७ मध्ये काँग्रेसतर्फे परत विजय. डिसेंबर २०२१ मध्ये आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपप्रवेश. २०२२ मध्ये मगोच्या उमेदवारावर सत्त्याहत्तर मतांनी विजय आणि नंतर शेवटपर्यंत राज्याचे कृषिमंत्री.

शेतकरी बांधवांनो, त्या सत्त्याहत्तर मतांपाशी थोडे थांबा. फोंड्यात ज्याने भाजप नको म्हणून सिंहावर शिक्का मारला, त्याचा उमेदवार सत्त्याहत्तर मतांनी पडला. निकालानंतर सिंहाने काय केले? मगोने त्याच भाजप सरकारला पाठिंबा दिला आणि मगोचे नेते त्याच मंत्रिमंडळात जाऊन बसले. म्हणजे जिंकलेलाही सरकारात आणि हरवलेलाही सरकारात. विरोधात उरला एकटा मतदार!

विलीनीकरणवाद्यांनी येथे स्वतःचे कान आधी पिळले पाहिजेत. फुटीचा रोग आमच्या विरोधकांनी आणला असे म्हणायला मला जागा नाही. १९७० साली भाऊसाहेबांच्या हयातीतच सात आमदार फुटले होते. १९७९ साली शशिकलाताईंचे सरकार पडले ते आमच्याच तिघांमुळे. ज्या राजवटीने मुंडकारांना संरक्षण दिले आणि १९७६ मध्ये कसेल त्याला जमीन देणारी पाचवी दुरुस्ती आणली, ती राजवट भाटकारांनी नव्हे, घरच्यांनीच पाडली. आमच्या सिंहाला पिंजरा परक्यांनी केला नाही. तो स्वतःच आत जाऊन बसला आणि दाराला कडी नाही म्हणून अजून मोकळाच असल्याचे सांगतो.

आता मूळ मुद्दा. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली घटनेच्या दहाव्या परिशिष्टात आला. पहिल्यांदा त्यात सवलत अशी होती, की पक्षाचे एक-तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती फूट, आणि फुटीला शिक्षा नाही. १९९१ चे फोंडा-मडकईचे नाटक याच कलमावर उभे होते: अठरांचे एक-तृतीयांश म्हणजे सहा. फार ओरड झाल्यावर २००३ च्या घटनादुरुस्तीने ही फट बुजवली. दुसरी फट मात्र राहिली. दोन-तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात जायला तयार झाले तर त्यांना अपात्रता नाही. या सवलतीचे कायद्यातले नाव काय ठाऊक आहे? विलीनीकरण!

हाच तो शब्द. या शब्दासाठी आमच्या वडीलधाऱ्यांनी उन्हातान्हात प्रभात फेऱ्या काढल्या, भिंती रंगवल्या, प्रसंगी भावकीशी वैर घेतले. एक लाख अडतीस हजार एकशे सत्तर लोकांनी मागूनही जे मिळाले नाही, ते आज दहा आमदारांना एका सहीसरशी मिळते. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदार भाजपात 'विलीन' झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे रातोरात 'विलीन' झाले. विलीनीकरणासाठी जन्मलेल्या पक्षाच्या नशिबी आलेले विलीनीकरण ते हे! आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या अकरांपैकी आठ. याच काँग्रेसने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. शपथेचे काय झाले असे विचारल्यावर त्यांतल्या एका ज्येष्ठाने देवाला पुन्हा विचारल्याचे जाहीरपणे सांगितले.

आम्ही देवळांच्या गावची माणसे. देवाचा कौल-प्रसाद कसा घेतात हे आम्हांला कोणी शिकवायला नको. पाकळी उजवी पडली की डावी, हे चारचौघांसमक्ष पाहिले जाते. घाडी एकटाच आत जाऊन बाहेर येऊन सांगत नाही. आणि देवाचा कौल घेणाऱ्या या मंडळींना ज्यांनी मते दिली, त्या जनतेचा कौल पुन्हा घ्यावासा का वाटला नाही?

याचे कारण फळ्यावर मांडून दाखवता येते. मध्य प्रदेशात २०१८ साली काँग्रेसचे ११४ आमदार आले. त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे शहात्तर. मार्च २०२० मध्ये बावीस जणांनी बंड केले. पण शहात्तर जमणे शक्य नव्हते. म्हणून त्यांना आमदारकीचे राजीनामे द्यावे लागले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पोटनिवडणुकीत मतदारांच्या दारात परत जावे लागले. सरकार पाडले हे खरे, पण मतदाराला पुन्हा विचारून घ्यावे लागले. आता गोव्याचे गणित. पंधरांचे दोन-तृतीयांश दहा, अकरांचे आठ, तिघांचे दोन. दहा माणसे एका लहान बसगाडीत मावतात, आठ एका जेवणाच्या मेजाभोवती, आणि दोन तर एका स्कूटरवर! सभागृह जितके लहान तितके हे विलीनीकरण स्वस्त. 'आपली लहानशी विधानसभा आपल्याला जवळची' असे सांगितले गेले होते. ती जवळची झाली खरी, पण कोणाला? एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. एवढ्या मतांची गोळाबेरीज करायला पक्षाचा विचार लागत नाही. वाड्यावाड्याची यादी, चार नोकऱ्या आणि रस्त्याचे डांबर पुरते. पक्ष ही अशा आमदाराची भाड्याची खोली होते.

रामाकोन्याच्या म्हाताऱ्याचा मतदारसंघ पाहा. सौंसरने २०१३ मध्ये भाजपचे नानाभाऊ मोहोड निवडले. २०१८ मध्ये त्यांना बदलून काँग्रेसचे विजय चौरे निवडले. २०२३ मध्ये पुन्हा चौरे. बावीसांच्या बंडात सौंसरचा आमदार नव्हता. तिथला आमदार चांगला की वाईट, हे तिथल्या लोकांनी ठरवावे, मी पाहुणा. पण आमदार बदलायचा झाला तर तो मतदाराने बदलला. आमच्याकडे मतदार बदलत नाही, चिन्हही तेच छापलेले असते, आणि माणूस मात्र सकाळी उठून दुसऱ्याच घरात असतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, महाराष्ट्रात तरी काय वेगळे झाले? जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या पंचावन्नांपैकी चाळीसच्या आसपास आमदार फुटले, आणि परतीच्या वाटेवर त्यांचा मुक्काम आपल्याच गोव्यात होता." हे खरे आहे. मुंबईला गेलो असतो तर सगळे संत भेटले असते, असे मी सांगणार नाही. तसे सांगणारा विलीनीकरणवादी लोकांना फसवतो. पण १९६७ मध्ये आपल्याला जे सांगितले गेले ते आठवा. आपली विधानसभा आपली जमीन राखील, आपला समुद्र राखील, आपली अस्मिता राखील, असे वचन होते. वचन देणारे जिंकले. मग हिशेब त्यांच्याकडेच मागायचा.

जमीन राखली का? कुळांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या मामलेदाराच्या कचेरीत पडून राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने ते दिवाणी न्यायालयात ढकलले गेले, आणि कुळांनी आरडाओरड केल्यावर ते परत आणावे लागले. २०२३ मध्ये भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला, चांगले झाले. पण त्याच काळात नगरनियोजन कायद्यात १७(२) आणि ३९अ ही कलमे आली आणि जमिनीचा झोन एकेका अर्जावर बदलण्याची वाट मोकळी झाली. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे! मार्च २०२५ मध्ये १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने रद्द केले, ते लोक न्यायालयात गेले म्हणून, चाळीसांनी नव्हे. समुद्र राखला का? रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध लढा दिला तेव्हा कुठे १९८० मध्ये मासेमारी नियमनाचा कायदा झाला. दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा, रात्री दिवे दिसतात का. मराठी राखली का? ४ फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीचा वापर करता येईल एवढेच लिहिले आहे. ज्या भाषेत आमची कीर्तने होतात, नाटके रंगतात, देवळांच्या पत्रिका छापतात, तिला घरात बसायला ओसरी दिली आहे, खोली नाही.

यांतल्या प्रत्येक प्रश्नावर निवडणुकीच्या वेळी एक बाजू भांडते आणि दुसरी बाजू उत्तर देते. निवडणूक संपली की दोन्ही बाजू एकाच बाकावर. मग कूळ जाणार कोणाकडे? रापणकाराचा अर्ज विधानसभेत मांडणार कोण? विरोधी बाक रिकामे पडले की गरिबाचा वकील गेला, हे समजून घ्या. कुळाच्या खटल्यात भाटकाराचा वकील आणि कुळाचा वकील दुपारी एकाच गाडीतून घरी गेले, तर निकाल काय लागेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

भाऊसाहेबांची एक गोष्ट नव्या पिढीला सांगितलीच पाहिजे. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्या कौलात विलीनीकरण हरले. हरलेला माणूस लोकांसमोर परत गेला आणि मार्च १९६७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. विलीनीकरणासाठी खुर्ची सोडणारा तो एक. आणि खुर्चीसाठी विलीन होणारे हे सारे. शब्द एकच आहे. अर्थ मात्र डोक्यावर उभा केला आहे. न्यायाला धरून हेही सांगतो, की रवी नाईकांनी २०२१ मध्ये निदान राजीनामा देऊन, निवडणुकीत उभे राहून मत मागितले. विधानसभेची मुदत संपायला थोडेच महिने उरले होते, तरी मागितले. पुढच्या वर्षीच्या आठांनी तेवढेही केले नाही.

तेव्हा करायचे काय? नुसते चिडून चालणार नाही. दहाव्या परिशिष्टातली दोन-तृतीयांशांची सवलत काढून टाका, पक्ष सोडायचा असेल त्याने आमदारकी सोडून मतदाराकडे यावे, ही मागणी गोव्याच्या दोन्ही लोकसभा सदस्यांकडे आणि राज्यसभा सदस्याकडे गावागावांतून लेखी गेली पाहिजे. कारण घटना पणजीत बदलत नाही, दिल्लीत बदलते. ग्रामसभेत असा ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट तर आपल्याच हातातली आहे. जत्रेला, काल्याला, नाटकाच्या उद्घाटनाला, मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सभेला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला आमदार लागतोच, अशी आपली समजूत झाली आहे. शाल आपण घालतो, नारळ आपण देतो, फोटो आपण काढतो. मतदाराला न विचारता जो विलीन झाला, त्याला ही शाल बंद करा. त्याला शिवी देऊ नका, त्याची वाट अडवू नका, आजारी पडला तर विचारपूस करा. आपली माणुसकी सोडायची नाही. मानाचे आसन मात्र द्यायचे नाही. लाज ही वस्तू कायद्याने आणता येत नाही, पण गावाने ठरवले तर येते. यात माझ्या पेशानेही आपला दोष कबूल केला पाहिजे. शाळेच्या छपरासाठी आम्ही मास्तरांनीच सर्वांत आधी हार उचलले आहेत.

२०२२ मध्ये निवडलेल्या विधानसभेची मुदत २०२७ ची. दारात येईल त्या प्रत्येकाला, मग तो सिंहावर येवो, कमळावर येवो की हातावर, हा एकच प्रश्न विचारा: "पक्ष सोडलास तर आमदारकी सोडून आमच्याकडे परत येशील का?" हो म्हणाला तर चार माणसांसमोर लिहून घ्या. त्या कागदाला कोर्टात किंमत नाही हे मला ठाऊक आहे. पण देवासमोर घेतलेली शपथ तो पुन्हा देवालाच विचारून सोडवू शकतो. तुमच्यासमोर लिहिलेली सोडवायला त्याला तुमच्याकडेच यावे लागेल.

रामाकोन्याच्या काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. तुमचा आमदार एकटा पडतो म्हणून तुमचे कोणी ऐकत नाही. आमचे चाळीस एकत्र येतात म्हणून आमचे कोणी ऐकत नाही. तुमची रेषा दिल्लीने ओढली, गावाला न विचारता. आमची रेषा आम्हांला विचारून ठरली, आणि त्यानंतर मात्र आम्हांला कोणी काही विचारले नाही. रडतो आहोत ते याच्यासाठी.